पाचवीचा निकाल, आखाजी आणि नापास करा म्हणणारे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आठवीपर्यंत ढकलत नेल्यामुळे मराठी शाळेतल्या पोरांची वाट लागलीय, सरळ नापास करा म्हणजे पोरंही अभ्यासाला लागतील आणि मास्तर लोकंही ताळ्यावर येतील. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ते पत्र दिवसभर फिरत होतं, काहींनी रागाचे इमोजी टाकले, दोघातिघांनी तर चक्क अंगठा दाखवला. मी तेव्हा काही बोलले नाही कारण निकालपत्रकं भरायची होती आणि त्या कामात डोकं दुसरीकडे लावलं की बेरीज चुकते. आता प्रगतीपुस्तकं वाटून झालीयेत, पोरं सुट्टीवर गेलीयेत, तर म्हटलं आता लिहूनच टाकावं.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा पहिली ते पाचवी, पटसंख्या साठच्या आत म्हणजे शिक्षक दोन, शिक्षण हक्क कायद्यात तसाच हिशोब आहे. पहिली दुसरी सरांकडे आणि तिसरी चौथी पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत, एकाच फळ्यावर मध्ये खडूची रेघ ओढून.

आधी एक गोष्ट सांगते, पत्र लिहिणाऱ्या काकांची माहिती जरा जुनी आहे. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला तेव्हा आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं होतं हे खरंय. पण 2019 मध्ये केंद्राने त्यात बदल केला आणि आपल्या राज्याने डिसेंबर 2023 मध्ये ठरवलं की पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होणार, 35 टक्के पडले नाहीत तर पोराला जादा मार्गदर्शन द्यायचं, दोन महिन्याच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची आणि त्यातही राहिला तर तो त्याच वर्गात. म्हणजे नापास करणं 2023-24 पासून सुरू झालंय काका. तरी कुठे काही बदललं का? आमच्याकडे तरी नाही. एक तर नापास दाखवला की वरून विचारणा होते, याला का राहिला, तुम्ही वर्षभर काय केलं, मग सवलतीचे गुण वगैरे लावून बहुतेक पोरं निघूनच जातात. इथे काकांच्या रागात थोडं तथ्य आहे ते मी नाकारत नाही, कागदावर पास आणि वाचता येत नाही अशी पोरं आहेत, माझ्याच वर्गात दरवर्षी येतात.

पण राहतं कोण ते जरा जवळून बघा ना.

आमच्या गावात ज्यांच्या केळीच्या बागा आहेत त्यांची पोरं पिवळ्या बसने चोपड्याला इंग्लिश मिडीयमला जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझी स्वतःची मुलगी पण तालुक्यालाच शिकते. जिल्हा परिषदेत उरतात ती मजुरांची, सालदारांची म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे राबणाऱ्यांची, आणि दोन तीन बिघे कोरडवाहू असणाऱ्यांची. घरात कोणी अहिराणी बोलतं, कोणी पावरा आदिवासींची पावरी, काही जण मध्य प्रदेशातून मजुरीला आलेले. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच आणि ते पुण्यातून आलेलं. कापूस फुटला की दिवाळीच्या सुट्टीला जोडून वेचणी चालू होते ती पार डिसेंबरपर्यंत, किलोवर मजुरी असते त्यामुळे घरातली सगळी माणसं शेतात, मोठं पोरगं वेचायला आणि मधलं पोरगं बांधावर तान्ह्याला सांभाळायला. पाड्यावरची पोरं होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला म्हणून जातात ती आठवडाभर येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, सण आहे त्यांचा, आपण दिवाळीत शाळा उघडी ठेवतो का. पुढे मार्च एप्रिलला सकाळची शाळा, ऊन असं की अकरा वाजता व्हरांड्यात पाय ठेववत नाही, आणि परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत ताणायला लागले तेव्हापासून तर पेपरला पोरं गोळा करायला मी स्कुटीवर घरोघर फिरते.

कायदा म्हणतो पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे. शाळा तेवढी भरते, हजेरीपटावर दिवस बरोबर येतात. पण पोराच्या वाट्याला 800 तास येतात का? वेचणीतल्या पोराचे किती जातात हे त्याच्या आईला विचारा. आणि तो शाळेत असतो तेव्हा मी कुठे असते हे मला विचारा. पोषण आहाराची माहिती भरा, गणवेशाची माहिती भरा, आधार जुळत नाही ते बघा, आज अमुक दिवस आहे त्याचा फोटो टाका, लिंक दुपारी येते आणि संध्याकाळपर्यंत भरायची असते, आणि आमच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शाळाबाह्य कामाला लावायचं नाही. पण ही फोनवरची कामं शाळेचीच म्हणून मोजतात, त्यामुळे ती कशातच बसत नाहीत.

असो, रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. यावर्षी काय जमलं ते सांगते कारण पेपरात ते कधी येत नाही.

पाचवीच्या पोरांना मी जूनमध्ये एक वजाबाकी घातली होती, 302 वजा 148. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचं उत्तर आलं 246. आता 154 च्या जागी 246 आलं की आपण म्हणतो लक्ष नाही, धांदरट आहेत. पण सगळ्यांचं उत्तर तेच कसं? एकेकाला जवळ बोलावून विचारलं की हे कसं केलं ते सांग. तर म्हणे 2 मधून 8 जात नाही मग 8 मधून 2 काढले, 6 राहिले. 0 मधून 4 जात नाही मग 4 च लिहिला. 3 मधून 1 गेला 2. म्हणजे पोराने काहीतरी खरडलेलं नव्हतं, त्याच्याकडे एक पद्धत होती आणि ती तो इमानदारीने वापरत होता, फक्त ती चुकीची होती. तिसरीत दशक सुट्टा करणं शिकवलं तेव्हा हा बांधावर होता, त्यानंतर चौथीचं पुस्तक आलं, पाचवीचं आलं, त्या पानाकडे परत कोणी गेलंच नाही. आणि नापास करा म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय, हा पोरगा परत वर्षभर पाचवीत बसवला तर त्याला पाचवीचं पुस्तक परत मिळेल. त्याचं अडलंय तिसरीच्या पानावर. ते पान त्याला कोण देणार?

मग मी खोट्या नोटा केल्या, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या, शंभरच्या, दहाच्या आणि एकचे ठोकळे. 302 रुपये मांडले, म्हणजे शंभरच्या तीन नोटा, दहाची एकही नाही आणि दोन सुट्टे. म्हटलं मला 148 रुपये दे. सगळे नोटांकडे बघत बसले. त्यातला एक पोरगा, वेचणीचा हप्ता आईबरोबर हा स्वतः मोजून घेतो, कापूस किती किलो भरला आणि पैसे किती झाले हे त्याला तोंडी येतं, तो पटकन म्हणाला, मॅडम, शंभरनी नोट मोडनी पडी! मोड म्हटलं. त्याने शंभरची देऊन दहाच्या दहा घेतल्या, मग त्यातली एक दहाची मोडून दहा सुट्टे घेतले, आता त्याच्यासमोर शंभरच्या दोन, दहाच्या नऊ आणि सुट्टे बारा, त्यातून 148 मोजून माझ्या हातावर ठेवले आणि उरलेले मोजले, 154. मग तेच वहीत मांडलं, तीनवर काट मारून दोन, शून्यावर नऊ, दोनवर बारा. त्या नऊचं कोडं त्याला दोन वर्षं सुटलेलं नव्हतं, नऊ कुठून येतो. आता त्याने बाकीच्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं, अहिराणीत. यात आठवडा गेला माझा आणि पाठ्यक्रम मागे पडला, पडू दे.

यानंतर मी दुपारचा एक तास वेगळा काढला. तिसरी चौथी पाचवी विसरून जायचं, ज्याला अक्षरं येत नाहीत तो एका कोपऱ्यात, शब्द वाचतो तो दुसरीकडे, उतारा वाचतो तो तिसरीकडे, आणि गोष्ट वाचून सांगता येते ते व्हरांड्यात आपापलं वाचणार आणि मध्ये मध्ये लहान्यांना मदत करणार. यात माझा शोध काही नाही, बऱ्याच शाळांत असं करतात, निपुण म्हणजे सरकारच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात पण हेच सांगतात. प्रश्न फक्त तो तास रोज मिळण्याचा असतो. मी सरांना सांगून ठेवलं की या तासाला फोन तुमच्याकडे, जळगावहून आला तरी मी उचलणार नाही. सर बिचारे सगळ्यांना मॅडम वर्गात आहेत म्हणून सांगायचे. एवढ्या साध्या गोष्टीने जे झालं ते कुठल्याही उपक्रमाने झालं नसतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

चौथीतली एक मुलगी, नाव सांगत नाही, गेल्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबातली. घरात पावरी. पावसाळाभर वर्गात एक शब्द नाही, नाव विचारलं तरी खाली मान. मला पावरी समजते थोडी, बोलायला गेले की पोरं हसतात. तिच्याच पाड्यावरची पाचवीतली मुलगी होती, तिला मध्ये बसवलं, आणि म्हटलं हिला सांगू दे घरी काय काय आहे, तू मला मराठीत सांग. तर निघाल्या शेळ्या. कुठल्या शेळीला किती पिलं झाली, कोणती दूध देते, कोणती मेली आणि कशाने मेली. मी तिचीच वाक्यं तिच्याच बोलीत देवनागरीत फळ्यावर लिहिली आणि खाली मराठीत. ती स्वतःचं बोललेलं वाचायला शिकली आधी, मग खालचं. आता परिच्छेद वाचते, अडखळत वाचते, जोडाक्षराला थांबते, पण वाचते आणि काय वाचलं ते सांगते. तिची श्रेणी आलीय क-2. शेजारच्या मुलाची पण क-2 आहे, तो जूनमध्ये जिथे होता तिथेच आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं, पण प्रगतीपुस्तकात दोघं सारखे दिसतात. वर्णनात्मक नोंदीचा रकाना असतो म्हणा, पण त्यात सगळीकडे तीच ठरलेली वाक्यं, वर्गकार्यात सहभाग घेतो, स्वच्छता राखतो. मी यावर्षी त्या रकान्यात सरळ लिहिलं की जूनमध्ये अक्षर ओळख नव्हती, एप्रिलमध्ये परिच्छेद वाचला. रकान्यात मावेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. तपासणीला काय म्हणतील ते म्हणतील.

आता निकालावर येते. तो नोटा मोडणारा पोरगा गणितात निघाला, 50 पैकी बरे आहेत. भाषेत राहिला. सवलतीचे गुण देऊनही राहिला कारण पेपरात निबंध, पत्रलेखन, व्याकरण, आणि त्याचं लिहिणं अजून वाक्यावर आहे. माझ्या हिशोबाने त्याला अजून तीन चार महिने मिळाले असते तर तो लिहिता झाला असता, कारण त्याची गाडी आता कुठे रुळावर येत होती. नियमाप्रमाणे आता त्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. मी म्हटलं सुट्टीत सकाळी दोन तास ये, मी येते गावात. तर त्याचे वडील म्हणाले, मॅडम, आखाजीला साल संपलं, आता दुसऱ्या गावाला साल धरलंय.

तुमच्या शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते, आपल्या खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत असतं. अक्षय तृतीयेला जुना हिशोब होतो, नवीन साल ठरतं, किती पैसे, किती धान्य, उचल किती, आणि पटलं नाही की माणूस बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मालकाकडे. शेतकऱ्याच्या सोयीने बरोबर आहे, उन्हाळ्यात बदल झाला की पावसाच्या आधी माणूस शेतावर हजर. पण शाळेचा निकाल आणि हे बिऱ्हाड हलणं एकमेकाच्या अंगावर येतं. म्हणजे बघा, पोरगा परीक्षा माझ्याकडे देणार, पुनर्परीक्षेच्या वेळी तो तिसऱ्याच तालुक्यात, तिथल्या शिक्षकाला याचं गणित येतं आणि लिहिणं अडलंय हे माहीत नाही, त्याच्या हातात फक्त नापास लिहिलेला कागद, तोही पोचला तर. मग तो परत पाचवीत बसतो, वयाने मोठा, नवीन गावात, आणि दिवाळीला वेचणी सुरू झाली की शाळेतून जो जातो तो परत येत नाही. शाळाबाह्य मुलांची यादी करायला आम्हाला पाठवतात ना, त्यात ही पोरं सापडतात.

नापास करा म्हणणाऱ्यांना हा पोरगा दिसतच नाही असं मला म्हणायचंय. तुमच्या डोळ्यासमोर अभ्यास न करणारा, मोबाईलवर बसलेला पोरगा आहे, त्याला धाक हवा. तसे पण असतात, नाही कोण म्हणतं. पण पाचवीला खरोखर राहणारे बघाल तर वेचणीतले, साल बदलणारे, घरची भाषा वेगळी असणारे हेच असतात, आणि यांना कशाचा धाक दाखवणार? ज्याचा बाप दरवर्षी मालक बदलतो त्याला वर्ग रिपीट होण्याची भीती काय हो.

आपल्या जिल्ह्यात शिक्षणावर भाषण सुरू झालं की बहिणाबाई आणि साने गुरुजी आल्याशिवाय संपत नाही. गुरुजींनी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, 1924 ते 1930, आणि तिथलं वसतिगृह पण सांभाळलं. भाषणात गुरुजींचं प्रेम तेवढं सांगतात, वसतिगृहाचं कोणी बोलत नाही. गुरुजींकडे पोरं चोवीस तास होती. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारच्या कागदावर आहे, ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी चालतेही, पण सालदाराचं पोर स्थलांतरितच्या व्याख्येत बसवायला गेलं की तो कुटुंबासकट गेला म्हणतात, मग कशाला वसतिगृह.

शिक्षण खात्याकडे माझं एकच मागणं आहे, पुनर्परीक्षा पोरगा जिथे असेल तिथल्या शाळेत सहज देता यावी आणि दाखल्याबरोबर एक साधं पान जावं, याला काय येतं, कुठे अडतो, आम्ही काय करत होतो. ऑनलाईन पोर्टलवर आधार, बँक खातं, उंची, वजन सगळं जातं, एवढं एक पान जायला काय हरकत आहे. मी त्या पोराच्या दाखल्याला माझ्या हाताने लिहून टाचलंय, नोटांचं पण लिहिलंय.

आणि तुमचा पेपर आमच्या भागात पारावर वाचला जातो म्हणून शेतकरी दादांना पण विनंती आहे. तुमच्याकडे यंदा आखाजीला नवीन सालदार आला असेल तर त्याचं साल, धान्य, उचल ठरवलीच असेल, त्याच्या पोरांचं पण विचारा, कितवीला आहे म्हणून. दाखला नाही म्हणून शाळेत घेणार नाहीत असं त्या लोकांना वाटतं आणि त्यात महिना दोन महिने निघून जातात. तसं नाहीये, कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम 14 प्रमाणे जन्माचा कागद नसला तरी अडवता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पोराला घेऊन गावातल्या शाळेत या, तो आईवडिलांसोबत आला नाही तर तुम्ही गाडीवर बसवून आणून सोडा, दाखला आम्ही मागच्या शाळेकडून मागवून घेतो. आणि वेचणीला मजूर लावाल तेव्हा चौदा वर्षाच्या आतलं पोरगं ओळीत दिसलं तर त्याचे किलो मोजू नका, त्याला शाळेत पाठवा, तेवढा कापूस दोन दिवस उशिरा वेचला तरी चालतो.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. चोपडा, जि. जळगाव